पुतळाबाईची मुकी गाडी

माझ्या आठवणीवर वाचकांनी फारसा भरवसा ठेवू नये, ही पहिली विनंती. मी स्वतः ठेवत नाही. ही हकीकत अठराशे चौऱ्याण्णवची की पंचाण्णवची, हे मला आज छातीठोक सांगता येणार नाही. मुंबईत प्लेग अजून आला नव्हता एवढं नक्की. कारण प्लेगाच्या वर्षी लालबागच्या चाळी ओस पडल्या, आणि या गोष्टीतली सगळी गंमत (माझ्या बाजूने पाहिलं तर सगळी फजिती) चाळी भरलेल्या होत्या म्हणूनच झाली. नवी गाडी हिरव्या रंगाची होती असं मी कालपर्यंत सांगत होतो. आमची शेवंती म्हणते, निळी. जिच्याशी सगळा जन्म संसार केला तिच्याशी गाडीच्या रंगावरून भांडण्यात अर्थ नाही. शिवाय तीच बरोबर असण्याचा संभव जास्त. तेव्हा निळी.

आम्ही वरळीच्या कोळीवाड्यात राहत होतो. आमच्या वाड्यातला मी पहिला बी.ए. पहिला बी.ए. असण्यात एक मोठी अडचण असते. आसपास दुसरा बी.ए. नसतो, त्यामुळे आपण चुकतो आहोत हे सांगायला कोणी नसतं. (म्हणजे सांगणारे पुष्कळ असतात, आपण ऐकत नाही.) गिरगावातल्या एका हायस्कुलात मी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवीत असे. शाळा सकाळची होती, दुपारी मी घरी. आमच्यात पुरुषाने समुद्रावर जायचं आणि बाईने बाजार सांभाळायचा, अशी वहिवाट. मला समुद्रात मळमळे आणि बाजारात लाज वाटे. सरस्वतीने मला पदरात घेतलं ते बहुधा याच कारणाने. दुसरीकडे कुठे माझी सोय लागण्यासारखी नव्हती.

घर खरं चालत होतं ते माझ्या आईच्या फेरीवर. आईचं नाव पुतळाबाई. दुपारच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की ती मासळीच्या पाट्या बैलगाडीत भरी आणि आज जिथे बी.डी.डी. चाळी उभ्या आहेत तिथल्या माळावरून, पुढे रेल्वेचं फाटक ओलांडून, परळ-लालबागच्या चाळींकडे निघे. तिथे गिरणीत काम करणारी कोकणातली माणसं राहत. संध्याकाळी गिरण्या सुटत, आणि त्याच सुमाराला आईची गाडी पोचे. ती कधी 'म्हावरं घ्या म्हावरं' म्हणून ओरडत नसे. डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाया ओरडतात. पुतळाबाईने गाडीवर बसून ओरडायचं म्हणजे तिच्या मते पाटलिणीने दारोदार ताक मागण्यासारखं होतं. गाडी चाळीपुढे उभी राही, आणि बाया भांडी घेऊन आपण होऊन खाली येत.

त्या वर्षी आईचे गुडघे गेले. गाडीवर चढणं-उतरणं तिला जमेना. तिने माझ्या थोरल्या भावाची बायको मीराबाई आणि माझी बायको शेवंती, अशा दोन्ही सुनांना समोर बसवलं आणि निकाल दिला. मीराबाईचं बिऱ्हाड वेगळं होतं आणि तिची स्वतःची लहानशी फेरी दादरकडे होती.

"ऐका गो दोघी," आई म्हणाली. "दिवाळीपोतूर शेवंती जाईल लालबागला. माजा एकएक गिऱ्हाईक टिकला तर फेरी तिची. नाय टिकला तर मीराबायची. मंग माज्याशी कोनी भांडाचा नाय."

आत गेल्यावर शेवंतीने चुलीत फुंकर घातली ती अशी की सगळी राख माझ्या धोतरावर आली. फेरी गेली तर तिच्या वाट्याला काय येणार, हे तिला ठाऊक होतं. आमच्यात जिला फेरी नाही ती बाई दुसरीच्या पाट्या उचलते, दुसरीचे बोंबील वाळत घालते आणि दुसरीने दिलं ते घेते.

"मास्तराच्या पगारावर बसून खानारी बाय म्हनतील मना," ती म्हणाली.

"त्यात वाईट काय आहे?" मी विचारलं.

तिने पुन्हा फुंकर घातली.

नेमकं याच आठवड्यात आईच्या जुन्या गाडीच्या चाकाचे दोन आरे मोडले. ती गाडी परळच्या रघुवीर सुताराकडे नेऊन दुरुस्त करून आणायची, एवढंच काम होतं. कोणीही केलं असतं. पण मी म्हणालो, "जुन्याला किती ठिगळं लावायची? नवीच घेऊ. मी बघतो."

एवढंच एक वाक्य. आजही मला प्रश्न पडतो की त्या क्षणी मला खोकला का आला नाही.

गाडी निवडायची म्हणजे ती पूर्ण मापाची हवी, एवढं मी आधी ठरवलं. लहान छकडा घेऊन उपयोग नव्हता. मग दोन गाड्या माझ्या नजरेसमोर राहिल्या. एक रघुवीर सुताराची. बाभळीचं लाकूड, लाकडी आस, लोखंडी धाव, बस्स. रघुवीर म्हणाला, "मास्तर, ही गाडी तुमचा नातू वापरील." मी विचारलं, "हिच्यात नवीन काय आहे?" तो म्हणाला, "लाकूड."

दुसरी गाडी ग्रँट रोडच्या बाजूला एका कारखान्यात उभी होती. लोखंडी आस, आसाच्या टोकांना तेलाच्या पितळी डब्या, खाली विलायती स्प्रिंगा, मागे स्क्रूने आवळायचा ब्रेक, आणि पुढे कंदील अडकवायला आकडा. (निळा रंगही होता. आता मान्य केलंच आहे.) ती विकणारे फरामजी नावाचे गृहस्थ फार गोड माणूस. त्यांनी गाडीच्या फळीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि गड्यांकडून गाडी अंगणभर फिरवली.

"एक टीपूस सांडला काय, मास्तर?"

"नाही."

"नी आवाज? ऐकते काय तुमी?"

मी कान देऊन ऐकलं. खरोखर काही ऐकू येत नव्हतं. चाकं फिरत होती आणि जणू काही घडतच नव्हतं.

"तेच तर मजा हाय नी!" फरामजी म्हणाले. "साला गाडी जाते, नी कोनाला खबर नाय!"

हे वाक्य मी कौतुक म्हणून ऐकलं.

तरी मी घाईने निर्णय घेतला असं कोणी म्हणू नये. मी विचार केला. पुष्कळ केला, विचार करणं हीच माझी एकमेव करमणूक होती. जुन्या पद्धतीच्या गाडीबद्दल लोक म्हणत, ती भरवशाची आहे. पण भरवसा म्हणजे काय? जुन्या वस्तूचे दोष आपल्याला पाठ झालेले असतात. त्या पाठांतरालाच आपण तिचा भरवसा म्हणतो. नव्या वस्तूचे दोष अजून कळलेले नसतात. त्या अज्ञानाला आपण सुधारणा म्हणतो. हे मला तेव्हाही कळत होतं. इतकं कळूनही माणूस चुकीचीच गाडी घेतो, हा मात्र शिक्षणाचा चमत्कार. माझं मन शेवटी एका मुद्द्यावर वळलं. आवाज म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे शक्तीचा निव्वळ नाश. आईची जुनी गाडी चालू लागली की एखाद्या म्हातारीला दाढदुखीने पछाडावं तशी विव्हळे. फाटकापाशी असली तरी लालबागपर्यंत ऐकू जाई. म्हणजे बैलांची किती शक्ती त्या विव्हळण्यात वाया जात असेल! मी वर्गात मुलांना हे उदाहरण म्हणूनसुद्धा सांगितलं होतं.

निळी गाडी आली. जुनी मी रघुवीरला जळणाच्या भावाने देऊन टाकली.

कोळीवाड्यात नव्या गाडीभोवती गर्दी जमली. शेवंतीने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गाडीवान दगडू ब्रेकचा स्क्रू फिरवून फिरवून बघत होता. आई ओट्यावरून बघत होती. गाडी तिच्या समोरून गेली, वळली, परत आली.

"उत्तम," आई मला म्हणाली (हे माझं नाव, अभिप्राय नव्हे), "ही गाडी हाय का भूत रं?"

"आई, हिला घर्षण नाही."

"हिला कायच नाय," आई म्हणाली आणि मशेरी लावायला लागली.

पहिल्या दिवशी शेवंती परत आली तेव्हा निम्म्या पाट्या भरलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तसंच. दगडूची तक्रार वेगळी होती.

"मास्तर, बैल थांबतान नि मागं बघतान."

"का?"

"त्यांना वाटतं, गाडी मागंच राहिली."

मी हसलो. (दगडू हसला नाही. त्याची सवय अशी की बैल चालते करून द्यायचे आणि आपण गाडीच्या सुरावर डुलकी काढायची. आता बैल दर थोड्या वेळाने थांबत, आणि त्याला जागं राहावं लागे.) मी त्याला सांगितलं की बैलांना सुधारणेची सवय व्हायला वेळ लागतो. पण घरातली उरलेली मासळी सुधारणेची वाट बघायला तयार नव्हती. आम्ही तिन्ही त्रिकाळ मासळी खाल्ली. शेजाऱ्यांना वाटली. शेवंतीचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत गेलं, आणि ज्या घरात बायको कमी बोलते त्या घरात नवऱ्याने काय समजायचं, हे विद्यापीठात शिकवीत नाहीत.

"तू चाळीपुढे ओरडून का बघत नाहीस?" मी एकदा सुचवलं.

"सासूबाय कदी ओरडल्या?"

"नाही."

"मंग मी ओरडले तर लोकांना काय वाटंल? पुतळाबायची फेरी बुडाली असंच ना?"

आणि तिथे ओरडणारे थोडे होते का? भाजीवाले, तेलवाले, कल्हईवाले, शेंगदाणेवाले. त्या कोलाहलात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला आणखी एका आवाजाचं काय?

मग रविवार आला. रविवारी गिरण्या बंद. मी ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो आणि आई पलीकडे सुपात जवळा निवडत होती. इतक्यात वाड्याच्या तोंडाशी बायांचा रडण्याचा आवाज आला. पदर तोंडाला लावलेल्या आठ-दहा बाया आमच्याच घराकडे येत होत्या. पुढे होती ती लालबागच्या चाळीतली रखमा. तिच्यामागे शेजारच्या चाळीतली अंबिका. दोघी आईची जुनी गिऱ्हाइकं.

"पुतळाबाये गो...! गेलंस गो आमका सोडून...!" रखमाने सूर धरला.

आता आमच्याकडची रीत अशी आहे की दाराशी कोणी रडत आलं तर आधी तिच्याबरोबर रडायचं; कोण गेलं हे मग विचारायचं. आईने सूप बाजूला ठेवलं, रखमाला मिठी मारली आणि तीही मोठ्याने रडायला लागली. दोघी बराच वेळ रडल्या. अंबिकाही रडली. वाड्यातल्या चार बाया कामं टाकून आल्या आणि त्यांनीही सूर मिळवला. मी वही हातात धरून उभा होतो. बराच गहिवर झाल्यावर आईने डोळे पुसले आणि विचारलं,

"कोन गेला गो, रखमा?"

रखमाने मान वर करून आईकडे पाहिलं. मग मागे सरली. मग अंबिकेच्या अंगावर आदळली.

"तुम्ही!" ती म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच गेलात ना!"

"मी कुठं गेले? मी जवला निवडतंय!"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो लिहून सांगण्याची माझ्या लेखणीची ताकद नाही. अंबिकेने आईच्या हाताला चिमटा काढून खात्री करून घेतली, आणि आईने तिला शिवी देऊन ती पक्की केली. शेवंतीने सगळ्यांना पाणी दिलं. मग रखमाने उलगडा केला.

"आमका काय म्हायत? तुमची गाडी कुरकुरता ती फाटकापासून ऐकाक येता. आवाज इलो की आम्ही पाट्यार मसालो वाटूक घेतो. गाडी दारात येयसर मसालो तयार. इतकी वर्षां असाच चल्ला. ह्या आठवड्यात पण आवाज इलो, मसालो वाटलो, खाली इलो, तर गाडयेर बसलीहा ती तुमची थोरली सून!"

"मीराबाय?" शेवंती म्हणाली.

"तीच. गाडी तुमची, आवाज तुमचो, आणि बसली ती. दोन दिवस घेतला आम्ही म्हावरा. मगे ही अंबिका म्हणाली, सासू गेल्याशिवाय गाडी थोरलीकडे जायत नाय. तेव्हापासून आमच्या घरात म्हावरा शिजूक नाय. तुमच्या नावान."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मला तोपर्यंत माहीत नव्हतं, पण घडलं होतं ते असं: रघुवीर सुताराने आमची जुनी गाडी जाळली नव्हती. दोन आरे बदलून त्याने ती विकली, आणि मीराबाईने ती घेतली. तिला गाडी हवीच होती. एक दिवस दादरकडे मासळी खपेना म्हणून ती लालबागेवरून वळली, आणि बघते तर बाया भांडी घेऊन खालीच उभ्या! तिने कोणाला काही सांगितलं नाही. (कोणी विचारलं नाही, असं तिचं पुढे म्हणणं पडलं. ते खरंही होतं.)

बाया गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. ती रागावेल म्हणून मी तयार होतो. ती रागावली नाही, ते जास्त कठीण गेलं.

"पोरा, मना वाटला तू माजी गाडी इकलीस," ती म्हणाली. "तू माजा आवाज इकलास रं."

मीराबाईकडे गाडी परत मागायला शेवंतीने साफ नकार दिला. "इकलेली वस्तू मागायला मी भिकारीन हाय?" दिवाळीची मुदत आईनेही वाढवली नाही. आई जिवंत आहे हे लालबागला कळलं, मीराबाई मुकाट्याने पुन्हा दादरकडे जाऊ लागली, तरी मूळ अडचण तशीच होती. आमची गाडी कधी आली आणि कधी गेली, हे कोणाला कळत नसे. बाया गिरणीतून येत, वाट बघत, कंटाळत आणि डाळ शिजायला ठेवत. डाळीवर मासळी कोण घेणार?

मी अस्वस्थ झालो. चूक माझी होती, तेव्हा उपायही मीच शोधला पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं. (शेवंतीच्या मनात याच्या नेमकं उलट होतं.) आधी मी बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. त्या संध्याकाळी परळपासून पोरांची झुंड गाडीमागे लागली. त्यांना वाटलं तमाशाचा फड आला. चाळीतले पुरुष खाली आले, बाया वरच राहिल्या, आणि आत फक्त हलवे आणि बोंबील आहेत असं कळल्यावर पुरुषांनी दगडूला जे ऐकवलं ते त्याने मला जसंच्या तसं येऊन सांगितलं.

मग मी मुळाशी गेलो. जुनी गाडी कुरकुरत होती घर्षणामुळे. तर मग नव्या गाडीत घर्षण निर्माण केलं की झालं! मी पितळी डब्यांतलं तेल पुसून काढलं आणि त्यांत समुद्रकाठची बारीक वाळू भरली. घर्षण निर्माण झालं. इतकं झालं की फाटकापाशी चाक जागच्या जागी आवळलं, डब्यांतून धूर निघाला आणि गाडी आडवी उभी राहिली. फाटकवाला एकीकडून, मागच्या गाड्यांचे गाडीवान दुसरीकडून शिव्या देऊ लागले. शेवंतीने डोक्यावर पाटी घेतली आणि ती लालबागपर्यंत चालत गेली, एकही शब्द न बोलता. शब्द न बोलता चालत जाणाऱ्या बायकोच्या मागे रिकाम्या हाताने चालणं हा जो अनुभव आहे, त्याने माझा सृष्टिशास्त्रावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला.

डब्या धुतल्या, तेल घातलं, गाडी पुन्हा मुकी झाली. त्यानंतर माझ्या मनात एक नवीच भीती बसली. विलायती आस तडकला असेल तर? स्प्रिंग खचली तर? दगडू ब्रेक भलत्या वेळी आवळील का? मला घरी बसवेना. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीबरोबर जायला लागलो. आधी गाडीवर बसलो. पण बसल्यावर चाक दिसत नाही, म्हणून चाकाच्या बाजूने पायी चालू लागलो.

"दगडू, खड्डा! खड्डा बघ!"

"बघितला, मास्तर."

"उजवीकडे घे! अरे उजवीकडे! तुझ्या उजवीकडे नव्हे, बैलाच्या!"

"दोनी एकच हाय, मास्तर."

"ब्रेक! ब्रेक सैल कर! चढ आहे! अरे स्प्रिंगेचा विचार कर!"

शेवंती पाट्यांच्या मध्ये शांत बसलेली असे. मला वाटे, नवऱ्याच्या काळजीने तिला बरं वाटत असेल. आणि खरोखर, त्या दिवसापासून सगळं सुधारत गेलं. आम्ही चाळीपुढे पोचत होतो तेव्हा एक-दोन बाया खाली असत, मग चार-पाच, मग पूर्वीसारखी गर्दी. वरून पाट्या-वरवंट्याचे आवाज येत. मी शेवंतीला म्हणालो, "बघ, नव्या वस्तूची लोकांना सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. शेवटी गुणांची कदर होतेच." ती म्हणाली, "व्हय तर."

एकदा मला कंटाळा आला आणि पाय दुखत होते. म्हटलं, आज मी येत नाही. शेवंतीने पाटी खाली ठेवली. "तुमी या," ती म्हणाली. "तुमी नसलात तर गाडीचा काय खरा नाय." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावाचून अडतं असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. मी लगेच धोतर आवळलं. मध्ये काही दिवस मला ताप आला आणि तेव्हा मासळी परत आली होती, हे मला आठवतं. मी तो दोष वंगणाच्या प्रतीला दिला.

दिवाळीला आईने दोन्ही सुनांना बोलावलं. मीराबाईला तिने करंजी दिली आणि शेवंतीच्या हातात आपली जुनी कोयती ठेवली, मासळी कापायची, पितळी मुठीची.

"फेरी तुजी, गो शेवंती."

शेवंतीने कोयती कपाळाला लावली. तिचे डोळे भरले होते. माझेही. अशा क्षणी गप्प राहावं हे मला आता कळतं, तेव्हा मी म्हणालो, "आई, तरी मी म्हणत होतो. लोखंडी आस आणि स्प्रिंग म्हणजे भरवसा आणि सुधारणा एकाच गाडीत!" आई इतकी हसली की तिच्या तोंडातली मशेरी सांडली. मीराबाईने पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आनंद झाला आहे.

त्यानंतर शेवंतीने ती फेरी कित्येक वर्षं चालवली. प्लेग येऊन गेला, आई गेली (खरोखर), गाड्यांना रबराची चाकं आली, मी पेन्शनीत निघालो. पेन्शन घेतल्यावर एकदा लालबागला रखमाच्या नातीच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात मी एका पोराला जरा सावध केलं, की अरे, ते घंगाळ असं तिरकं नेऊ नको, सांडेल. तर आतून रखमा आणि अंबिका दोघी म्हाताऱ्या दचकून उठल्या आणि एकमेकींकडे बघून पोट धरून हसायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मास्तर," रखमा म्हणाली, "तुमचो आवाज ऐकलो की आजून हात पाट्यार जाता!"

मी विश्वास ठेवला नाही. अंबिका दुसऱ्या चाळीत राहत होती, म्हणून तिला बाजूला घेऊन वेगळं विचारलं. ती म्हणाली, फाटकापासून ऐकायला येई. 'दगडू, खड्डा' ऐकलं की मिरच्या घ्यायच्या, 'ब्रेक' ऐकलं की खोबरं, आणि 'स्प्रिंगेचा विचार कर' म्हणजे वाटण झालंच पाहिजे. मी तापात होतो त्या दिवसांत त्यांनी डाळ शिजवली होती.

घरी येऊन मी शेवंतीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. मला आठवलं की त्या काळात गाडी निघण्यापूर्वी ती मला रोज मिरी-गुळाचा गरम काढा देत असे. मी त्याला प्रेम समजत आलो होतो, आणि आजही समजतो. पण हा विषय असा भावनेवर सोडणं मला बरं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्या दगडूला गाठलं आणि खात्री करून घेतली. तो म्हणाला, गाडी जुंपण्याआधी मालकिणीचा नेम ठरलेला असे: बैलांना पेंड, आसाला तेल, मास्तरांना काढा. याच क्रमाने.